आप्पांच्या बुलेटचं हँडल : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

भाऊबीजेला आप्पांकडे जेवायला गेलो होतो. पानावरून उठता उठता ते म्हणाले, "बुलेटला कुणी गिऱ्हाईक असलं तर बघ गं." काकू हातातली वाटी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. १९७९ साली घेतलेली गाडी. नाशिकचं एमएच-१५ यायच्या आधीची तीन अक्षरी पाटी. पंचवटीतल्या घराचा अर्धा ओटा अडवून बसलेली. आणि तिला गिऱ्हाईक? खोदून विचारलं तेव्हा कारण निघालं. "क्लच दाबवत नाही. सिग्नलला हात भरून येतो."

आप्पा म्हणजे माझे थोरले काका, वय ७४. मी अंबडला कंपनीत क्वालिटी विभागात आहे, दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घेणं. म्हटलं, विकायचं नंतर बघू, आधी मोजू तर द्या.

आज मोजलं. बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा क्लचच्या लिव्हरला अडकवला, टोकाच्या गोळीपासून एक इंच आत, आणि लिव्हर मुठीला टेकेपर्यंत ओढला. चार वेळा. ११.२, ११.८, ११.३, ११.४. म्हणजे धरून चाला साडेअकरा किलो. ऑफिसातल्या एकाची नवी १२५ सीसी गाडी आहे, तिचा शुक्रवारी पार्किंगमध्ये मोजला होता : ३.६. द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यात संध्याकाळी आप्पा किती वेळा साडेअकरा किलो उचलत असतील, याचा हिशोब न केलेला बरा.

ठरवलं ते असं. काम फक्त हँडलचं आणि हँडलवरून खाली जाणाऱ्या वायरींचं. इंजिनाला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी काटा लावायचा. मुदत संक्रांतीपर्यंत.

आणखी एक नोंद : क्लचचा लिव्हर आतल्या बाजूला वाकलेला आहे. मुठीपासूनचं अंतर ६२ मिमी. कधीतरी गाडी डाव्या कुशीवर पडली असणार. नवीन टाकायचा.

१७ नोव्हेंबर

खोलायच्या आधी फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, वायर कुठून कशी गेली आहे ते दिसेल असे. पुढे याच फोटोंनी वाचवलं.

मुठींचं रबर दगड झालेलं, ब्लेडने चिरूनच काढावं लागलं. ॲक्सिलेटरच्या नळीखालचं ग्रीस लाखेसारखं कडक. रॉकेलमध्ये भिजवून, लाकडी पट्टीने खरवडून काढलं तर हँडलच्या टोकाला बोटाला लागेल अशी धार. कुणीतरी हॅकसॉने टोक साफ केलं आणि कानस मारायची राहिली. मूठ सोडल्यावर आपोआप मागे येत नव्हती ती एवढ्याने. कानस, मग पॉलिश पेपर, पाच मिनिटं. आप्पा म्हणे, "वीस वर्षं ती अशीच होती, मला वाटलं स्प्रिंगच गेली."

क्लचच्या लिव्हरचं भोक लंबगोल झालंय. एका बाजूला ६.४, दुसऱ्या बाजूला ७.१. लिव्हर वरखाली हलतो, ओढताना तिरका होतो, आणि तारेचं निप्पल, म्हणजे टोकाला डाखलेली धातूची छोटी बोंडी, एका कडेवर घासतं. तार निप्पलापाशीच तुटते ती यामुळे.

पिव्होटचा, म्हणजे लिव्हर ज्याभोवती फिरतो तो, स्क्रू निम्म्यात अडकला. बाहेर काढला तर आटे खाल्लेले. ही गंमत लिहून ठेवते, कारण यात बऱ्याच जणांची फसगत होते. गाडी मद्रासची, पण आटे इंग्लंडचे. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डची जुळणी १९५५ मध्ये मद्रासला सुरू झाली, आणि त्यासोबत इंची आटेही आले ते इथेच राहिले. पाव इंची स्क्रूत दोन जाती सापडतात, सायकल थ्रेड आणि बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे). दोन्हींना इंचाला २६ आटे. पण पहिल्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५. त्यामुळे चुकीचा स्क्रू दोन-तीन फेरे गुमान जातो, हाताला वाटतं बसला, आणि पाना लावला की आतले आटे पिठासारखे बाहेर. आमच्या गाडीत कुणीतरी तेच केलं होतं. पिच गेज, म्हणजे इंचाला किती आटे ते तपासायचं माप, इथे काही कामाचं नाही, दोन्हींना 'बरोबर' म्हणतं. ऑफिसातल्या प्रोजेक्टरवर आट्याची सावली मोठी करून पाहिली तेव्हा कोन कळला.

डिकॉम्प्रेशरचा (किक मारण्याआधी इंजिनातला दाब सोडायचा) छोटा लिव्हर चांगला आहे, फक्त जाम.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी बोटाला शाई लावून घेतली आणि त्याच बोटाने व्हर्नियर धरला.

पिव्होटच्या मध्यापासून निप्पलाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं : २७ मिमी. इंग्लिश लिव्हरमध्ये हे अंतर दोन प्रकारचं मिळतं, ७/८ इंच म्हणजे २२.२ मिमी, किंवा १ १/१६ इंच म्हणजे २७. बाहेरून दोन्ही लिव्हर जुळे भाऊ. पण २७ वाला दर दाबाला तार जास्त ओढतो आणि त्या हिशोबाने बोटांना जास्त जोर लावतो. २७ भागिले २२.२, साधारण १.२२. म्हणजे नुसता लिव्हर बदलला तरी पाचवा हिस्सा वजन कमी व्हायला हवं.

खूश होऊन आप्पांना सांगितलं की तुमच्या गाडीला चुकीचा लिव्हर लावलाय कुणीतरी. ते पेपर वाचत होते. "असेल," म्हणाले. एवढंच.

२४ नोव्हेंबर

भद्रकालीत जुन्या स्पेअरची तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानात, "ताई, नंबर माहीत नसेल तर भाऊंना पाठवा." मी खिशातून व्हर्नियर काढला आणि त्यांच्या पेटीतले सहा लिव्हर काउंटरवरच मोजले. सहापैकी चार २७ चे, दोन २२ चे, सगळे एकाच पाकिटात, एकाच भावात. मग चहा आला.

२२ मिमीचा ॲलॉयचा लिव्हर घेतला. सरळ, चकचकीत, अंतर ८० मिमी. वायरचं कव्हर आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं, तार बारीक धाग्यांची मऊ. जाड धाग्यांची तार मजबूत वाटते, पण वळणावर ताठ उभी राहते. निप्पलं पितळेची, आमच्याच एका मित्राच्या लेथवर काढून घेतली. लिव्हरच्या लंबगोल भोकात बसवायची नळी, म्हणजे बुश, तेही तिथेच.

१ डिसेंबर

तयार क्लच वायर बाजारात मिळते. पण आप्पांच्या गाडीचं हँडल मूळपेक्षा थोडं उंच आहे आणि तयार वायर वळणावर ताणली जाते. म्हणून घरी बनवायची. त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे निप्पल डाखणं, म्हणजे वितळलेल्या डाखाने (सोल्डरने) तारेला जोडणं.

यासाठी भांडी बाजारात गेले. तांब्या-पितळेच्या दुकानांच्या पुढे, बोळात एक कल्हईवाले चाचा बसतात. लहानपणी आजीबरोबर पातेली घेऊन जायचे तेच. आता भात्याच्या जागी छोटा पंखा आहे, बाकी सगळं तसंच. तापलेलं पातेलं, नवसागराची चिमूट, पांढरा धूर, आणि कथलाची कांडी फिरली की कापसाच्या बोळ्याने आरशासारखा पसरलेला पदर. मी तार आणि निप्पल दाखवलं. त्यांनी तार दोन बोटांत फिरवली आणि वास घेतला.

"तेल आहे," म्हणाले. "तेलावर कथील चढत नाही. पातेलं असो नाहीतर तार."

धुवायला सांगितलं. थिनरमध्ये बुडवून, पुसून, परत बुडवून. मग निप्पलातून तार ओवून टोकाचे धागे छत्रीसारखे उलगडायचे, म्हणजे ती निप्पलाच्या खळग्यात बसते आणि मागे सरकूच शकत नाही. पकड डाखाची नसते, छत्रीची असते. डाख फक्त छत्री मिटू देत नाही. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर एका ओळीत विसरले असते.

नवसागर त्यांनी लावू दिला नाही. "हा भांड्याचा. तारेला झिंकचं पाणी लाव." म्हणजे ॲसिडमध्ये जस्त विरघळवून केलेलं. तेच लावलं. लोखंडाच्या पळीत साठ-चाळीसचा (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं) डाख वितळवला. कागदाचा कपटा बुडवून पाहिला. तपकिरी झाला तर ठीक, काळा पडून धुरावला तर जास्त तापलाय. मग तारेचं टोक निप्पलासकट पळीत. पहिले दोन सेकंद काहीच नाही, डाख निप्पलापासून दूर सरकून उभा, पाण्यात मेण टाकावं तसा. मग एकदम ओला झाला. पितळेचा पिवळा रंग खालून वर चांदीसारखा होत गेला आणि खळगा भरला. चाचा म्हणाले, "प्याला." तो शब्द मला फार आवडला.

बाहेर काढून गार झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं, नाहीतर झिंकचं पाणी आतून तार खातं. पैसे घेतले नाहीत. "आजीचं पातेलं आण," म्हणाले. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, पातेलं मात्र आहे. न्यायला हवं.

हे झालं हँडलकडचं टोक. गिअरबॉक्सकडचं टोक गाडीवर लांबी पाहिल्याशिवाय डाखता येत नाही, कारण कव्हर आधी ओवावं लागतं. ते घरी.

७ डिसेंबर

चंपाषष्ठी. काकूंकडे भरीत-रोडगे. हँडल क्रोमवरून आलं. छान आलं, पण वायर आत जायची जी भोकं आहेत त्यांच्या कडा पॉलिशवाल्याने वस्तऱ्यासारख्या करून ठेवल्यात. कानशीने मोडल्या, रबरी ग्रोमेट बसवले. हॉर्नची वायर याच भोकातून जाते.

बुश बसलं. लिव्हरचा खेळ आता हाताला लागत नाही.

१५ डिसेंबर

सकाळी नऊ अंश होतं म्हणे. ओट्यावर फरशी एवढी गार की सतरंजी टाकून बसले.

गिअरबॉक्सकडचं निप्पल काल रात्री घरी डाखलं. आज जोडणी.

आधी नवी वायर आणि जुनाच लिव्हर, फक्त बुश बसवलेला : ९.२ किलो. मग जुना काढून नवीन २२ चा : ७.५. हिशोबाने ७.६ यायला हवं होतं. हे असं जुळलं की दिवस चांगला जातो.

ढिलाई : क्लचच्या लिव्हरला बुडाशी दोन मिमी. डिकॉम्प्रेशरच्या तारेलाही तेवढीच मोकळीक हवी, नाहीतर हेडमधला छोटा व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन शिटी मारत जातं. आप्पांनी आमच्या वेळच्या गाड्या कशा सुरू करायच्या ते पुन्हा एकदा दाखवलं. किक हळू दाबत जायची, ॲमीटरचा काटा डावीकडून मध्यावर आला की थांबायचं, डिकॉम्प्रेशर दाबून किक किंचित पुढे न्यायची, सोडायचा, किक वर आणायची, मग मारायची. मारायची म्हणजे लाथ नाही, पूर्ण वजन टाकायचं. दुसऱ्या किकला उठली.

दोन घोळ झाले. पहिला : हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की इंजिन आपोआप तापल्यासारखं ओरडायला लागे. ॲक्सिलेटरची वायर टाकीच्या पुढच्या टोकाखाली दबत होती. वळलं की कव्हर ओढलं जाई आणि आतली तार कार्ब्युरेटरची स्लाइड उचले. जुना फोटो काढून पाहिला. मूळ वायर मानेच्या उजव्या बाजूने होती, मी डावीकडून घातली होती. गल्लीत गाडी वळवताना हे झालं असतं तर सरळ समोरच्या दुधाच्या दुकानात. दोन्हीकडे पूर्ण वळवून, इंजिन चालू ठेवून, आवाज बदलत नाही ना हे पाहिल्याशिवाय कुणीही गाडी बाहेर काढू नये.

दुसरा : हॉर्न मेला. बटणाला एकच वायर येते, परतीचा रस्ता हँडलच्या लोखंडातूनच. आणि क्लॅम्पला मी हौसेने आतूनही रंग दिलेला. नाण्याएवढा रंग खरवडला. वाजला. शेजारचं कुत्रं उठून गेलं.

२२ डिसेंबर

आप्पांना न सांगता फेरी मारायला निघाले. गंगापूर रोडने जाऊन परत येताना अशोक स्तंभाच्या सिग्नलला क्लच दाबला आणि लिव्हर मुठीला जाऊन चिकटला. हाताला काहीच नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढे रिक्षा. ब्रेक मारला, इंजिन बंद पडलं, रिक्षा वाचली.

गिअरबॉक्सकडचं निप्पल निघालं होतं. तिथून रामवाडी पुलावरून मखमलाबाद नाक्यापर्यंत ढकलत आणली. गाडी दीडशे किलोच्या वर आहे, ते पुलाच्या चढाला बरोबर कळतं. एकाने थांबून विचारलं, "पेट्रोल संपलं का ताई?" हो म्हटलं. निप्पलाची गोष्ट कोण सांगत बसणार.

घरी आल्यावर निप्पल उभं कापून पाहिलं. डाख वरवर टोपीसारखा बसलेला, आत धाग्यांमध्ये गेलाच नव्हता. तार निळसर. म्हणजे दोन्ही चुका एकदम. कव्हरमधून ओवताना तारेला परत तेल लागलं, ते मी पुसलं पण धुतलं नाही. मग डाख चढेना म्हणून छोट्या सोल्डरिंग गनने तापवत बसले. डाख १९० अंशाच्या आसपास पूर्ण वितळतो, तार निळी पडायला ३०० च्या आसपास लागतात. एवढी तापवूनही तो प्यायला नाही, कारण तेल. पहिल्याच दिवशी, तार हातात घेतल्या घेतल्या त्या माणसाने जे सांगितलं होतं, तेच.

नवीन तार. या वेळी ओवल्यानंतर शेवटचे चार इंच पुन्हा थिनरमध्ये, पळी गॅसवर. डाख प्याला. मग छताच्या कडीला अडकवून खाली वीस लिटरचा पाण्याचा कॅन रात्रभर टांगला. काकू म्हणाल्या, घरात हे काय लटकवलंय.

२९ डिसेंबर

निप्पल जागेवर. आज आप्पांना बसवलं.

ते बसले, डावा हात मुठीवर ठेवला, आणि बोटं लिव्हरपर्यंत पोचली नाहीत. पहिली दोन पोचली. करंगळी आणि अनामिका मुठीवरच. त्यांनी हात उचलून पुढे सरकवला तर अंगठ्याची पकड सुटली.

"काय झालं?"

"काही नाही. लांब आहे."

"आप्पा, ही दोन बोटं..."

"८६ ला पडलो नव्हतो का कसाऱ्याला. तेव्हापासून सरळ होत नाहीत."

मला माहीत होतं की ते पडले होते. बोटांचं माहीत नव्हतं. ते पानसुपारी डाव्या हाताने कधी घेत नाहीत हे मी आयुष्यभर पाहत आले, का ते विचारलं नाही.

"म्हणजे तो लिव्हर गाडी पडून वाकला नव्हता."

"मीच वाकवला. भट्टीत घालून. लिव्हर जवळ आला पण मग क्लच पुरता सुटेना, गिअर खाडकन पडायचा. मग एका मिस्त्रीने दुसरा लिव्हर दिला, तोही वाकवला. तो बरोबर बसला."

दुसरा म्हणजे २७ चा. तेव्हा मला एकेक आकडा आठवायला लागला, आणि आतून लाज वाटली. लिव्हर जवळ आणला की बोटांचा प्रवास कमी होतो, तार कमी ओढली जाते. तो तोटा २७ च्या लिव्हरने भरून काढला होता. किंमत मोजली ती वजनात, आणि आप्पा तेव्हा छत्तीस वर्षांचे होते, ती किंमत त्यांना परवडत होती. मी ज्या दोन गोष्टींना 'दोष' म्हणून नोंदलं, ते एकाच माणसाने विचार करून केलेलं काम होतं. २० नोव्हेंबरला ते "असेल" म्हणाले ते का, हेही कळलं. पुतणी इतक्या हौसेने मोजतेय, कशाला मोडता घाला.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

५ जानेवारी २०२५

आता गणित असं आहे. लिव्हरच्या एका पूर्ण दाबात तार किती ओढली जाते ते मोजलं.

जुना वाकवलेला २७ वाला : १२.८ मिमी. नवा सरळ २२ वाला : १३.५. २२ चा लिव्हर ६२ मिमीपर्यंत वाकवला तर : १०.५.

हलका हवा आणि जवळही हवा, तर मिळतात साडेदहा मिमी. तेवढ्यात क्लच पुरता सुटला पाहिजे, म्हणजे इंजिनाची चाकावरची पकड पूर्ण गेली पाहिजे. म्हणजे वाटेत कुठेही एक मिमीसुद्धा वाया जाता कामा नये.

लिव्हर आधी. ॲलॉयचा वाकवायला गेलं तर तडा जातो, म्हणून भद्रकालीत परत. मागच्या वेळचे दुकानदार या वेळी स्वतःच म्हणाले, "व्हर्नियर आणलाय ना?" पेटीच्या तळाशी २२ चा एक जुना पोलादी लिव्हर निघाला, क्रोम उडालेला, ऐंशी रुपये. गॅसवर लाल करून आप्पांनीच वाकवला. मी पक्कड धरली होती, ते दाब देत होते, मध्येच थांबून हात मुठीवर ठेवून पाहत होते. ६२ वर नाही थांबले, ६० वर थांबले. "हात म्हातारा झालाय, दोन मिमी त्याचे." क्रोम करायचा नाही असं ठरलं, जळक्या तेलात विझवून काळाच ठेवला. हे क्लचच्या लिव्हरवर केलं. ब्रेकच्या लिव्हरवर असलं धाडस मी करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही.

बसवला. आणि अपेक्षेप्रमाणे क्लच सुटेना. पहिला गिअर टाकला की गाडी पुढे झुकते.

इंजिनाला हात लावायचा नाही हा नियम इथे मोडला. डावं पायदान आणि ब्रेकचं पेडल काढलं, प्रायमरीचं, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीवरचं, झाकण उघडलं. बुलेटचं हे झाकण एकाच मोठ्या नटावर असतं, ज्याने कुणी हे आखलं त्याला दुवा. तेल आधी खाली तसराळ्यात. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये काळा चिखल. धुतल्या. पोलादी प्लेटा सोमवारी ऑफिसात सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट लादीवर, ठेवून खाली फीलरची पातळ पट्टी घालून बघेन.

७ जानेवारी

एक प्लेट ०.३ मिमी वाकडी. दाबून धरली की सरळ, सोडली की थाळीसारखी. हीच क्लच सुटताना शेजारणीला चिकटून राहत होती. बदलली. पुशरॉड (क्लच उघडणारी सळई) काढून पुसला, टोकाला ग्रीस. जुळणी करून गिअरबॉक्सकडची ढिलाई जवळजवळ काढून टाकली, हँडलकडे फक्त दीड मिमी ठेवली. याहून कमी ठेवली तर गरम झाल्यावर क्लच घसरेल.

पहिला गिअर आवाज न करता. काटा : ६.९.

१२ जानेवारी

पुढच्या ब्रेकचं पटकन. सहा इंची ड्रम, मुळातच साधारण. एक्सलचा नट ढिला केला, ब्रेक दाबून धरला, तसाच धरून नट आवळला, म्हणजे शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमच्या मधोमध बसतात. फरक जाणवतो. ब्रेकचा लिव्हर मूळचाच ठेवला आहे. आप्पांचा उजवा हात ठणठणीत आहे.

मुठीचं नवीन रबर पेट्रोल लावून सरकवलं. पेट्रोल उडून गेलं की पक्कं बसतं.

१४ जानेवारी

अर्धी रजा. काकूंनी तिळाचे लाडू खिशात कोंबले आणि आप्पांच्या गळ्याला लोकरी मफलर दोन वेढे देऊन बांधला. थंडीसाठी नाही, नायलॉन मांजासाठी. बंदी आहे, पण आज पंचवटीच्या आकाशात त्याच तारा. हँडलच्या दोन्ही टोकांना मी लोखंडी सळीची कमान लावून दिली आहे, आजच्यापुरती. दिसते भयंकर.

सोमेश्वरपर्यंत. आप्पा पुढे, मी स्कूटरवर मागे, मोजत. सिग्नल पाच. क्लच धरून उभं राहणं एकूण सात-आठ मिनिटं. एकदाही न्यूट्रलला टाकून हात झटकला नाही. वळणावर आवाज चढला नाही. गंगापूर नाक्याला एक पोरगा मध्ये आला तेव्हा हॉर्न वाजला, आणि पोरगा दचकला.

सोमेश्वरला गाडी स्टँडवर लावून ते चहा प्यायले. डाव्या हाताची मूठ उघडली, मिटली, उघडली.

"कमान काढून टाक घरी गेल्यावर," म्हणाले. "आणि ब्रेक कुंईं करतोय पुढचा."

बाकी कामं : पुढच्या शूंच्या कडा मोडणे. ५०० किमीनंतर दोन्ही निप्पलं भिंग लावून पाहणे, एखादा धागा तुटला असेल तर वायर बदलणे. प्रायमरीच्या झाकणाला थेंब येतोय, रबर पाहणे. आजीचं पातेलं भांडी बाजारात नेणे.